तपकिरी बेस गिटार

कारखाना बंद पडला तेव्हा मी वाजवायचो ती बेस गिटार आतच राहिली. ती माझी नव्हती. सहकारी साखर कारखान्याच्या कामगार कल्याण विभागानं चांगल्या दिवसांत एक ऑर्केस्ट्रा उभा केला होता, त्यासाठी घेतलेल्या वाद्यांतली ती एक. वाद्यं आली त्या दिवशी ज्यानं त्यानं आपापलं उचललं. ढोलकी गेली, कीबोर्ड गेला, ऑक्टोपॅड गेला. चार जाड तारांचं ते लांब धूड कुणालाच नको होतं, कारण त्यावर गाण्याची चाल वाजत नाही. मी वजनकाट्यावर लिपिक होतो, ड्यूटी संपवून उशिरा पोचलो, म्हणून ते माझ्या वाट्याला आलं. पुढं कळत गेलं की ढोलकी आणि गळा यांच्यामध्ये एक रिकामी जागा असते, आणि ती भरणारा माणूस लोकांना दिसला नाही तरी चालतं. मला ते मानवलं. माझा स्वभावच तसा.

मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षीही गेला. उभा ऊस लोकांनी चारा छावण्यांना देऊन टाकला. गाळायला काही उरलंच नाही, बॉयलर पेटला नाही, पगार थांबले आणि शेवटी कर्ज देणाऱ्या बँकेनं गोदामापासून कल्याण विभागाच्या खोलीपर्यंत सगळ्याला सील ठोकलं. मी गिटारीसाठी गेटवर गेलो होतो. वॉचमन ओळखीचा. त्यानं मला बसायला स्टूल दिलं आणि म्हणाला, "आतला चहाचा कप न्यायचा म्हणलं तरी आता मला परवानगी न्हाई. राग मानू नका." राग कशाचा मानायचा. त्याचाही पगार थांबलेलाच होता.

मी मांजरसुंब्याला हायवेवरच्या एका ढाब्यावर गल्ला सांभाळायला लागलो. ट्रकवाले यायचे, जेवायचे, जायचे. घर पालीला. बिंदुसराचं धरण गावाजवळच, पण त्याच्या तळाला आता भेगा पडलेल्या, त्यामुळं आम्हीही टँकरच्याच वाटेकडं डोळे लावून. सकाळी ड्रम आणि कळशा भरून घरी न्यायच्या, मग ढाबा गाठायचा. उजवा खांदा कायमचा धरल्यासारखा झाला होता. संध्याकाळी घरी आलो की बोलायचंही जिवावर यायचं.

आमच्या ऑर्केस्ट्राचा गायक कारखान्यात फिटर होता. आम्ही एकाच वस्तीतले, एकाच शाळेत शिकलेले. त्याचा गळा असा की काळी चारमध्ये, म्हणजे भल्याभल्यांना झेपणार नाही एवढ्या उंच पट्टीत, तो बसल्या जागी गायचा. भीमजयंतीच्या दिवसांत त्याला ऐकायला शेजारच्या तालुक्यातून माणसं येत. आता तो पाण्याचा टँकर चालवत होता. दिवसभर कच्च्या रस्त्यांवर फिरून संध्याकाळी उतरायचा तेव्हा त्याच्या भुवयासुद्धा धुळीनं पांढऱ्या झालेल्या असत.

कारखाना गेला तरी आम्ही काही जण स्वतःच्या जोरावर कार्यक्रम करत राहिलो. कीबोर्डवाल्याचा कीबोर्ड त्याच्या घरचा होता. माझ्याकडं गिटार नाही म्हटल्यावर तो बेसचे सूर डाव्या हातानं कीबोर्डवरच वाजवायला लागला. मी स्टेजच्या कडेला बसून केबल गुंडाळायचो. एकदा सराव संपल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "बेस आता ह्यातूनच निघतो. तुमी कशाला ढाब्यावरून दमून येता? आराम करत जा." तो मनानं चांगला माणूस. माझ्या भल्यासाठीच बोलला होता. मी उरलेली केबल गुंडाळली आणि निघालो.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती अंगणवाडीत मदतनीस. टँकरचं पाणी फडक्यानं गाळत बसली होती. वर न बघता म्हणाली, "मग घ्या की आपली."

"दुष्काळात गिटार घेऊ?"

"दुष्काळात लोकं लग्नं करायलेत. नारायणगडाच्या जत्रेला बघितलं न्हाई का केवढी गर्दी होती? तुमीच तेवढे का म्हून सुतकात असल्यावानी बसायले?"

मी म्हणालो, आता ह्या वयात काय. ती म्हणाली, "तुमी वाजवत होतात तवा घरात बोलत होतात. आता बोलत न्हाई." एवढं बोलून तिनं फडकं पिळलं आणि दुसरी घागर पुढं ओढली.

पैसे कसे जमले ते सांगत बसत नाही. तिनंच जमवले.

त्याच सुमाराला बीडला एका सामुदायिक विवाह सोहळ्याचा कार्यक्रम आम्हाला मिळाला. दुष्काळामुळं अनेक घरांनी आपापल्या मुलामुलींची लग्नं अशी एकाच मांडवात उरकायची ठरवलेली. मी गायकाला म्हणालो की त्याआधी औरंगाबादला जाऊन नवी गिटार घ्यायचा विचार आहे. तो लगेच म्हणाला, "मी येतो. तुला एकट्याला सोडलं तर तू काई न घेता माघारी येशील." टँकरची एक दिवसाची पाळी त्यानं दुसऱ्या ड्रायव्हरला दिली आणि आम्ही बीडहून सकाळची एसटी धरली.

दुकान जुन्या बाजारात, वरच्या मजल्यावर. मालक वयस्कर, डोक्यावर पांढरी टोपी, बोलणं दखनी. आम्हाला बघून म्हणाला, "बैठो भाई, पहले पानी पियो." माठातलं गार पाणी आलं. गायकानं एक ग्लास संपवला, दुसरा मागितला, मग तिसरा. तो मालकानं स्वतः भरून दिला. आमची गाडी कुठून आली ते त्याला कळलं असावं.

"कौन बजाएगा?" त्यानं विचारलं. गायकानं माझ्याकडं बोट केलं. मला उगाच लाजल्यासारखं झालं.

भिंतीवर बेस गिटारी ओळीनं टांगलेल्या. एक लाल होती, पाच तारांची, आरशासारखी चकाकणारी. एक काळी, साधी. कोपऱ्यात एक तपकिरी, जुन्या टेबलाच्या रंगाची. गायकाची नजर लालवरच बसली.

"ही घे बे. स्टेजवर दिसली पायजे."

"बेस दिसायला नसतोय."

"म्हणूनच तर. आयकू येत न्हाई तर दिसू तरी दे."

मालकानं लाल गिटार मशीनला, म्हणजे ॲम्प्लिफायरला, जोडून माझ्या मांडीवर ठेवली. मी पहिला सूर मारला आणि समोरच्या काचेच्या कपाटातल्या बासऱ्या थरथरल्या. इतक्या महिन्यांनी तो सूर छातीत शिरला तेव्हा मला एकदम रडू येईल असं वाटलं. मी मान खाली घालून तारा जुळवल्याचं नाटक केलं. थोडा वेळ वाजवलं. बोटांची कातडी मऊ पडली होती, टोकं हुळहुळायला लागली. ढाब्यावर नोटा मोजून घट्टे पडत नाहीत.

मशीनवर सगळ्याच गिटारी बऱ्या वाजतात. कारखान्याच्या वसाहतीत वीज गेली की मी गिटारीच्या वरच्या टोकाला जबडा टेकवून वाजवायचो. लाकडातून सूर हाडात उतरतो आणि आतलं सगळं ऐकू येतं. मी मालकाला मशीन बंद करायला सांगितलं आणि एकेका गिटारीला जबडा लावून हळूहळू एक एक सूर दाबत गेलो.

गायक दाराशी उभा राहून बघत होता. म्हणाला, "वाजवायलास का हुंगायलास?"

लाल गिटारीत एक सूर मरत होता. बाकी सगळे लांब टिकायचे आणि तो एकच, कापसावर पडल्यासारखा, लगेच विझायचा. मी पुन्हा पुन्हा वाजवून बघितला. काळीचा दांडा माझ्या हाताला जाड पडला. तपकिरीला जबडा लावला आणि खालपासून वरपर्यंत गेलो. कुठं अडलं नाही. वजनालाही हलकी होती, खांद्याला पट्टा अडकवून उभा राहिलो तर खांद्यानं तक्रार केली नाही. मालक म्हणाला, "ये बहुत दिन से पडी है. रंग की वजह से कोई हात नहीं लगाता."

गायकाला पटेना. "लग्नाच्या मांडवात ही लाकडाची फळी घेऊन हुबा राहनार तू?"

"तू गा. मी साथ देतो. मग सांग."

तो तयार झाला. मी आमच्या नेहमीच्या एका भीमगीताची सुरुवात काळी चारमध्ये धरली. तो स्टुलावर बसला, डावा हात कानाशी नेला आणि त्यानं पहिली ओळ उचलली. ओळ अर्ध्यात गेली आणि आवाज फाटला. त्यानं घसा खाकरला, पुन्हा उचलली. ह्या वेळी आवाज फाटलासुद्धा नाही, नुसता निघालाच नाही. ओठ हलले आणि हवा बाहेर आली. मी वाजवायचं थांबवलं. मालकानं माठाकडं बघितलं, पण पाणी दे असं काही तो म्हणाला नाही.

मी काही न सांगता पट्टी खाली आणली आणि तीच सुरुवात पांढरी चारमध्ये वाजवली. तो माझ्या बोटांकडं बघत राहिला. मग त्या खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखं, त्यानं ध्रुवपद म्हटलं. आवाज जाड होता, खरखरीत होता, पण धरून होता. एक कडवं झाल्यावर तो म्हणाला, "हीच घे," आणि जिना उतरून खाली गेला.

मालकानं गिटार कापडी पिशवीत घालून दिली. वरून एक जास्तीची तार दिली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

परतीच्या गाडीत कंडक्टरनं गिटारीचं लगेज तिकीट फाडावं की नाही यावर थोडी हुज्जत घातली, मग कंटाळून सोडून दिलं. आम्ही मागच्या सीटवर, पिशवी दोघांच्या मांड्यांवर आडवी. शहागडला गोदावरीच्या पुलावर गाडी आली तर खाली नुसती वाळू, आणि वाळूत खड्डे करून पाणी शोधणारी माणसं. गायक खिडकीतून बघत होता. गाडी पूल ओलांडून पुढं आल्यावर तो म्हणाला, "डॉक्टरनं सांगितलंय, गाणं बंद. घशात गाठी झाल्यात म्हणे. धुळीतलं काम बी सोड म्हणला."

"कधी?"

"झाले की लई दिवस."

"मग मला का म्हून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू गिटार घेतली असती का?"

नसतीच घेतली. जी गाणी तो गाणार नाही त्यांना मी कशाला साथ दिली असती? त्यानं पिशवीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. गेवराई येईपर्यंत त्याला झोप लागली होती, डोकं माझ्या दुखऱ्या खांद्यावर. मी खांदा हलवला नाही.

लग्नाच्या मांडवात संध्याकाळच्या मुहूर्ताआधी आम्ही वाजवलं. ऊन उतरत नव्हतं, जेवणाची पंगत चालू होती, पाण्याच्या पिंपापाशी भांडणं चालली होती. ऐकत फार कुणी नव्हतं. गायकानं दोनच गाणी म्हटली, दोन्ही पांढरी चारमध्ये. त्याला उंच गाताना ऐकलेले काही जण पुढं येऊन बसले होते. पहिल्या गाण्याला त्यांनी एकमेकांकडं बघितलं. दुसऱ्या गाण्याला गप्प बसून ऐकलं. त्याच गाण्याच्या मध्यावर माझं लक्ष कीबोर्डकडं गेलं तर वादकानं डावा हात उचलून मांडीवर ठेवला होता. नंतर संपेपर्यंत त्यानं तो हात कीबोर्डला लावला नाही. मग गायक माईक ठेवून माझ्या शेजारी खुर्चीत येऊन बसला आणि उरलेला कार्यक्रम नुसत्या वाद्यांवर झाला.

ते त्याचं शेवटचं गाणं. पुढं औरंगाबादलाच त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठी साध्याच निघाल्या, पण आवाज कुजबुजीएवढा उरला. पाऊस झाल्यावर टँकर बंद झाले आणि तो दूध संघाच्या गाडीवर लागला. कारखाना नंतर कुणीतरी भाड्यानं चालवायला घेतला. जुन्या माणसांतल्या थोड्यांना बोलावणं आलं, मला आलं नाही. मी ढाब्यावरच राहिलो. आमची गाण्याची पार्टी आपसूक मोडली, मोडू या असं कुणी म्हटलंही नाही. कीबोर्डवाला पुण्याला मुलाकडं गेला.

गिटार घरी आहे. घरी वाजवायला मशीन मी कधी घेतलंच नाही. ढाब्यावरून आलो की हातपाय धुऊन खाटेवर बसतो आणि जबडा टेकवून वाजवतो. बाहेर फारसं काही ऐकू जात नाही. शेजारणीनं एकदा बायकोला विचारलं की हे रोज संध्याकाळी लाकडाला गाल लावून काय करत असतात. ती काय म्हणाली ते तिनं मला सांगितलं नाही.

गायकाची दुधाची गाडी कधी लवकर सुटली तर तो येतो. खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसतो. मी वाजवत असलो तर वाजवू देतो. बोलायचं असलं की त्याला माझ्या कानाशी वाकावं लागतं, म्हणून तो कमीच बोलतो. मागच्या आठवड्यात असाच आला, बराच वेळ बसला आणि वाकून म्हणाला की खालची तार गंजायला लागलीय, बदलून घे. दुकानदारानं दिलेली जास्तीची तार मागेच लावून झाली होती. मी म्हणालो, बघू, औरंगाबादला जाणं झालं की. त्यानं मान हलवली. आतून बायकोनं चहा आणला, आम्ही तो प्यालो, आणि मग त्याला दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी काढायची होती म्हणून तो उठला.