साकोलीचं लाल बटण

पहाटे चारला सुगत रामटेकेने हिंगण्याहून इलेक्ट्रिक ट्रक काढला. मागे पंचवीस टन सळई, पुढे रायपूर. साकोलीत नव्वद टक्के चार्ज झाल्याशिवाय निघायचं नाही, असं त्याने वहीत लिहून ठेवलं होतं. नाहीतर देवरीची चढण बॅटरी खाईल आणि गाडी रायपूरच्या अलीकडेच उभी राहील. एकदा तसं झालं होतं. पुन्हा झालं तर नोकरी जाणार होती.

साकोलीच्या चार्जिंग स्टेशनवर आकडा बासष्टवर थांबला. रांगेतल्या मागच्या ट्रकचा ड्रायव्हर टेकचंद कटरे चार्जिंग मशीन बंद करायचं लाल बटण दाबून उभा होता.

“काहून बंद केलं गा?” सुगतने विचारलं.

“तास झाला. लग्न लावतं का मशिनीसंगं?”

“मले नव्वद लागते. पुढे चढण आहे.”

“मंग ढकलत ने.”

सुगतने केबल सोडली नाही. टेकचंदने चाक खोलायची लोखंडी टॉमी त्याच्या तोंडावर हाणली. समोरचे दोन दात तुटले. सुगतने तीच टॉमी हिसकून त्याच्या मनगटावर दोनदा मारली. दुसऱ्या फटक्याची गरज नव्हती. हाड पहिल्यातच मोडलं होतं, आणि ते त्याला ऐकूही आलं होतं.

लोकांनी टेकचंदला दवाखान्यात नेलं. सुगतने लाल बटण फिरवून मशीन पुन्हा सुरू केली आणि नव्वद होईपर्यंत रक्त थुंकत तिथेच बसला. माल वेळेवर पोचला. नोकरी राहिली.

दात त्याने बसवले नाहीत. सुगतच्या त्या महिन्याच्या पगारातून टेकचंदच्या मनगटात स्टीलची पट्टी बसली.