ओट्यावरच्या पाट्या

सासऱ्यांनी घरात पाट्या लावायला सुरुवात केली तेव्हा मला नवल वाटलं नाही. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला पुणेकर माणूस. सरळ बोलला तर आजारी पडेल. ओट्यावर 'गॅस बंद करावा.' दारामागे 'किल्ली खिळ्यालाच अडकवावी.' बाथरूममध्ये 'नळ वाहता ठेवू नये.' कंपनीच्या बसमध्ये हिंजवडीपासून हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि घरात पाऊल टाकताच हे टोमणे वाचायचे. सून नोकरी करते हे म्हाताऱ्याला खुपतंय, एवढंच माझ्या डोक्यात. नवरा म्हणायचा, "बाबा पहिल्यापासून तसेच आहेत." या एका वाक्यावर त्याचा संसार चालतो.

मी पाट्या फाडायला लागले. ते पुन्हा लावायचे. एका रविवारी फ्रिजवर दिसलं, 'दुपारचे जेवण झालेले आहे.' माझ्या स्वयंपाकावरचा शेरा समजून तीही फाडली. चार वाजता ते पुन्हा पानावर येऊन बसले. म्हातारपणी हाव सुटलीय, असं मी नणंदेला फोनवर हसत हसत सांगितलं. तीही हसली. सुशिक्षित घर आमचं.

कोपऱ्यावरच्या वाचनालयातून घरी यायला त्यांना चार तास लागले, तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

"आज वार कोणता?" डॉक्टरांनी विचारलं.

"का, दवाखान्यात कॅलेंडर परवडत नाही?"

नवऱ्याची मान अभिमानाने ताठ झाली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. गणिताच्या मास्तरांनी बाराही आकडे एकाच बाजूला कोंबले आणि कागद झाकून धरला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, डिमेन्शिया. मग विचारलं, "स्वतःला आठवण राहावी म्हणून घरात काही लिहून ठेवतात का?"

"छे," नवरा म्हणाला, "पाट्या लावतात, पण त्या हिच्यासाठी."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. हा माणूस वर्षभर एकटा स्वतःला सावरत होता आणि मी त्याचा आधार रोज केरात टाकत होते. मला स्वतःची किळस आली.

आता पाट्या मी लावते, मोठ्या अक्षरांत. परवा ओट्यापुढे उभं राहून त्यांनी एक वाचली आणि माझ्याकडे वळले.

"अहो, हे कोण लिहितं? त्या बाईंना सांगा, घरात म्हातारं माणूस आहे. जरा नीट बोलत जा म्हणावं."

"सांगते," मी म्हटलं.