माडीवरचे मास्तर आणि तपासणीचा नारळ

किस्से मी गोळा करत नाही. माझ्या माडीवर मेडिकल कॉलेजचे मास्तर भाड्याने राहतात, खाली माझ्याकडे जेवायला बसतात आणि भाताबरोबर किस्से सांडतात. मी उचलून ठेवते. शाळेत गेले नाही, वाचायला माझी मीच शिकले, त्यामुळे कोणाच्या डिग्रीचा मला धाक नाही.

* * *

कॉलेजने मास्तरांच्या सुखासाठी समिती काढली. तिचं पहिलं काम तणावमुक्ती शिबिर. रविवारी सकाळी सातला, हजेरी सक्तीची.

मेडिसिनचे कांबळे सर म्हणाले, "काकी, आठवड्यात एकच दिवस तणाव नव्हता. समितीने तोही भरून काढला."

शिबिरातला पाहुणा म्हणाला, डॉक्टरांनो, झोपेसारखं औषध नाही. रात्रपाळी करून आलेल्या तिघांनी ते तिथेच मनावर घेतलं. सोमवारी तिघांना नोटीस.

* * *

हजेरी आता मोबाइलला चेहरा दाखवून. दोन दिवसांच्या सलग ड्युटीनंतर कांबळे सरांनी चेहरा धरला, तर मोबाइल ओळखच देईना.

मी म्हटलं, "बरा झाला. तुमची दशा त्या मोबाइलाक तरी दिसली."

* * *

नवं कॉलेज निघालं की मास्तरांची डोकी मोजायला तपासणी येते, तेवढ्यापुरते इथले मास्तर तिकडे नेऊन उभे करतात. कांबळे सरांच्या बायकोने नागपूरहून फोन केला, "सध्या नेमणूक कुठे आहे?"

सर म्हणाले, "तपासणी कुठे आहे ते विचारून सांगतो."

* * *

शिंदे मॅडम लातूरकडच्या. फिजिऑलॉजी शिकवतात, पण नोकरी हंगामी. दर थोड्या महिन्यांनी ऑर्डर संपते आणि पोरीचा जीव टांगणीला लागतो. मुंबईत कायम जागेची मुलाखत निघाली. जायला डीनसाहेबांचं ना-हरकत पत्र हवं, आणि मुलाखत नेमकी इथल्या कॉलेजच्या तपासणीच्या आठवड्यात.

त्या सुखाच्या समितीच्या बैठकीत डीनसाहेब म्हणाले, "मोकळेपणाने बोला, मी तुमच्या वडिलांसारखा."

मॅडम बोलल्या.

"तपासणीत एक डोकं कमी पडेल," साहेब म्हणाले. "पुढच्या वेळी बघू."

वृत्तांतात आलं, शिक्षकांच्या करिअरवर सखोल चर्चा झाली.

रात्री माझ्याकडे मॅडम भरल्या ताटावरून उठायला लागल्या. मी म्हटलं, "रडां नको गो चेडवा, आधी जेव. माणसाचा आयकणा नाय तो देवाचा तरी आयकतलो."

* * *

तपासणी नीट व्हावी म्हणून साहेबांनी आमच्या रवळनाथाला नारळ ठेवायचं ठरवलं. सगळ्या मास्तरांना हजेरी सक्तीची. आमच्याकडे गुरव देवापुढे गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. जो गप्प राहिला त्याला ते मागणं मान्य नाही, असं गाव धरतं. साहेब घाटावरचे, पण हे मीच त्यांना नीट समजावलं होतं. गुरव दाजींनाही मी सकाळी भेटून आले होते.

दाजींनी हात जोडले. "बा देवा रवळनाथा, कालेजाची तपासणी सुखरूप पार पडांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." साहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा.

"लातूरच्या ह्या चेडवाक मुंबयक कायमची नोकरी गावांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि तिचा पत्र जेच्या सहीसाठी अडाकला आसा, तेका आजच्या आज सही करूची बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळे मास्तर ओरडले. कांबळे सर तर दोनदा.

दाजी नारळ हातात धरून उभे. जमलेलं सगळं गाव साहेबांकडे बघायला लागलं.

"व्हय म्हाराजा," साहेब हळूच म्हणाले.

दाजी तरी नारळ फोडेनात.

साहेबांनी खिसे चाचपले आणि शिंदे मॅडमना विचारलं, "पेन आहे का?"