टोपीएवढा कोरा कागद

जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, तिथे कागद कोरा सोडायचा, हे मला श्रीधरने शिकवलं. एकाच ऑफिसातून निवृत्त झालो आणि दर रविवारी ओढ्याच्या दोन काठांवर समोरासमोर चित्रं काढत बसू लागलो. माझ्या प्रत्येक चित्रात त्याची पांढरी टोपी आहे, म्हणजे टोपीएवढा कोरा कागद.

परवा त्याने घरी बोलावलं. भिंतीवर आमचा ओढा सात फ्रेममध्ये लावलेला. तेच पाणी, तोच वाकलेला उंबर, आणि मी बसतो त्या दगडावर सातही चित्रांत झुडूप.

"इथे मी असतो ना रे?"

तो चहा गाळत म्हणाला, "अरे, चित्रात नको ते सोडून द्यायचं असतं."

तीन वर्षं एक माणूस डोळे बारीक करून आपल्याकडे बघत असतो आणि आपल्याला वाटतं, आपण त्याला दिसतोय.

आज मीही ब्रश हिरव्या रंगात बुडवला. त्याच्या टोपीवर झुडूपच काढायचं ठरवलं होतं. पण हात सवयीने टोपीला वळसा घालून पुढे गेला. माझ्या हाताला स्वाभिमान म्हणून नाही.