सुमतीबाईंची आठवी खुर्ची

ज्यांना शेवट ठाऊक नाही अशी सात भली माणसं एका टेबलाभोवती बसवली, तर ती इतिहासात झालेलं युद्ध टाळू शकतील का? हा प्रश्न सुमतीबाईंचा. त्या जाऊन आता दोन महिने होतील. त्यांचं उत्तर अपुरं राहिलं, म्हणून मी ते शोधायला बसलो आहे. त्या नागपूरजवळच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या, इतिहास शिकवत. मी पुण्यात गणित शिकवलं. त्यांचा मुलगा आणि माझा मुलगा संगणकाच्या चिप्सच्या कारखान्यात लागले आणि त्यांच्या मागोमाग आम्ही आयर्लंडमधल्या लिक्सलिपला आलो, एकाच वसाहतीत. एका सकाळी त्यांच्या सुनेचा, मंजिरीचा, फोन आला. "सर, आई उठल्या नाहीत..." एवढंच ती बोलू शकली.

त्याआधी वर्षभर अधूनमधून एखाद्या शनिवारी सकाळी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर एक खेळ चाले. दर वेळी नवी सात माणसं. प्रत्येकाला एकेका राज्याची चिठ्ठी. टेबलावर अमेरिकेचा दोनएक शतकांपूर्वीचा नकाशा. तिथल्या निम्म्या राज्यांत माणसं मालमत्ता म्हणून विकली जात होती, निम्म्यांत ते बंद होतं. आणि नवं राज्य सामील झालं की तराजू कुठे झुकणार, हा वाद पेटे. बाई त्या त्या वेळची परिस्थिती सांगत, मतं घेत, मग पाकीट उघडून प्रत्यक्षात काय ठरलं होतं ते वाचत. नियम एकच : "न समजलेलं काहीही विचारा, केव्हाही विचारा." मी कोपऱ्यात बसून नोंदी करी.

पहिल्या शनिवारी माझ्या मुलाचा मित्र समीर होता. "काकू, नकाशावर रेघ मारून टाका ना! रेघेच्या खाली चालू, वर बंद. डन!" बाईंनी पाकीट उघडलं. आत रेघच होती. पुढे, गुलामी बंद करा असे अर्ज येऊ लागले आणि देशाच्या प्रतिनिधी-सभेत रोज भांडणं होऊ लागली, तेव्हा कोणीतरी म्हणालं, "हा विषय घ्यायचाच नाही. ग्रुपवर राजकारण बंद ठेवतो तसं." सगळे हसले. पाकिटात तेच निघालं : अशा अर्जांवर सभेने चर्चाच थांबवली होती. पळून उत्तरेत आलेल्या माणसाला धरून परत पाठवायचं का? "पाठवा, म्हणजे ते शांत होतील. ग्रँड, झालं, पुढे चला." तोच कायदा झाला होता. नव्या प्रदेशांचं काय? "तिथल्या लोकांनाच ठरवू द्या." तसंच ठरलं होतं, मग मतं द्यायला दोन्हीकडून माणसं आली, बंदुका घेऊन. त्यानंतरच्या पाकिटांत गुलामीचा विस्तार थांबवू पाहणाऱ्या पक्षाची निवडणूक, दक्षिणेच्या राज्यांचं फुटून जाणं आणि यादवी युद्धाची पहिली तोफ.

यात नवल नाही असं मला वाटलं होतं. पण दुसरा गट, तिसरा, चौथा, पाचवा... माणसं वेगळी, खिडकीबाहेरचा ऋतू वेगळा, आणि वाक्यं जवळजवळ तीच. चौथ्या गटाने रेघ बोटभर खाली ओढली, एवढाच फरक. पुढे पुढे तर कोणी बोलायला तोंड उघडलं की मला ते वाक्य आधीच ऐकू येई आणि मान वर करायला भीती वाटे.

टेबलाला खुर्च्या मात्र आठ होत्या. आठवी रिकामी असे. आलेली माणसं त्या खुर्चीवर आपले ओले कोट टाकत, एकावर एक, आणि थोड्या वेळाने मान खाली घालून कोणी बसल्यासारखं दिसू लागे. पाचव्या खेळानंतर कपबश्या आवरताना मी विचारलं, "बाई, ती खुर्ची कोणाची?"

"सर, तुम्हीसुद्धा खेळ संपल्यावर विचारलंत." मग हातातली बशी ठेवून त्या सांगू लागल्या. त्यांच्या शाळेत पाण्यावरून जातीचा वाद झाला होता. बैठक भरली. बाईंनी दोन माठ ठेवून वाद मिटवला. सर्वांनी त्यांची पाठ थोपटली. "दुसऱ्या माठाची एक मुलगी होती. ती दिवसभर पाणीच प्यायची नाही. मला कळलं तेव्हा वर्ष संपत आलं होतं. त्या बैठकीत तिला बोलवावं, हे मला सुचलंच नाही." मग खुर्चीकडे पाहून म्हणाल्या, "ज्यांचा सौदा चालला आहे त्यांचं कोणी इथे का नाही, असं एका तरी टेबलाने विचारावं. मग ती चूक माझी एकटीची ठरेल. तसं व्हावं अशी माझी फार इच्छा आहे, सर. कोणीच विचारलं नाही तर... मग फार भीती वाटते." ती आमची शेवटची भेट.

सहावा खेळ त्या गेल्यावर मी घेतला, त्यांच्याच टेबलावर. आजवर चहा करण्यातच राहिलेली मंजिरी प्रथमच खेळायला बसली. समोरच्या घरातली नोरा शेवटी आली. तिने कोट काढला, आठव्या खुर्चीपाशी थांबली आणि विचारलं, "इथे कोणी बसणार आहे का?" माझा हात वहीवर थांबला. कोणीही काहीही विचारलं की खेळ घेणाऱ्याने उत्तर द्यायचं, हाच तर त्या नियमाचा अर्थ होता. पण मी तोंड उघडण्याआधी मंजिरी हळूच म्हणाली, "नाही गं. आता कोणी नाही येणार. ठेव तू." नोराने कोट ठेवला. मंजिरीच्या मनात बाई होत्या; त्या घरात, त्या क्षणी, तिला खोडून काढणं मला जमलं नाही. मी वेळ लिहिली आणि पहिली परिस्थिती वाचायला घेतली. पुढे रेघ आली, गप्प बसणं आलं, सगळं ओळीने आलं.

प्रश्न विचारला गेला, असं धरायचं की नाही, हे मला ठरवता येत नाही. सहा खेळ हा पुरेसा पुरावा नव्हे, आणि सहाव्यात दोष माझाही आहे. तेव्हा माझ्या नोंदींवर विसंबू नका. त्या ठरावांचा क्रम इतिहासाच्या कोणत्याही चांगल्या पुस्तकात सापडेल, तो पडताळा. मग सात माणसं बोलवा, आठ खुर्च्या मांडा आणि काय होतं ते स्वतः पाहा.