शालूच्या नावापुढे मी लिहिलेलं

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. एकाच घरात राहतो, एकाच दुकानात बसतो — तरी नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तेही मला धड सांगता येणार नाही. तुम्ही शालूला ओळखत नाही, बहुतेक म्हणूनच.

कामरगावात आमचं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. दाखले, अर्ज, झेरॉक्स. गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईलवर व्हिडिओचं काम करायचे. त्यात मला गती होती. बढाई म्हणून सांगत नाही — पुढं जे झालं ते त्या गतीमुळंच झालं.

शालू माझी शाळेपासूनची मैत्रीण. इंझोरीला राहते. जयंतीच्या कार्यक्रमात आम्ही दोघी एकाच माईकवर गायचो. पुढं मला कळलं की मी बेसूर आहे, आणि तिचा आवाज खुलत गेला. लग्नाला, नामकरणाला, जयंतीला लोक तिला लांबून बोलवायचे. ती भीमगीत म्हणायला लागली की मंडपातल्या बाया आपल्या लेकरांना गप्प करायच्या. तिचं चॅनल मीच काढून दिलं. शूट मी करायचे, टाकायचे मीच. आणि बघत कोणी नव्हतं.

का बघत नव्हतं, ते मी हळूहळू शिकले. नुसतं 'भीमगीत' लिहिलं तर तशी ढीगभर गाणी — त्यात आपलं कुठं सापडणार? लोक सर्चमध्ये काय लिहितात ते आधी बघायचं. दोन शब्द लिहिले की खाली आपोआप ओळी येतात. लोकांच्या मनात काय आहे ते तिथं दिसतं. तेच शब्द टायटलच्या सुरुवातीला घ्यायचे. मग गायिकेचं नाव, गावाचं नाव, खालच्या मजकुरात पुन्हा तेच, चित्रावर ठळक अक्षरं. शालूच्या गाण्यांसाठी मी हे सगळं मनापासून केलं. थोडा फरक पडला, फार नाही. कौतुक मात्र तिचंच व्हायचं. ते बरोबरच नव्हतं का? गात तीच होती. पण मला ते टोचायचं — हे लिहितानाही हात अडतो.

मग आसेगावचा कार्यक्रम झाला. शालूचे वडील नुकतेच गेले होते. ती नको म्हणत होती, पण शब्द दिलेला होता म्हणून गेली. बापावरचं गाणं होतं. मध्येच तिला पुढची ओळ आठवेना. डोळे मिटून उभी राहिली, मग पाय लटपटले आणि खालीच बसली. माईक पडला. ढोलकीवाल्यानं तिला दंडाला धरून उठवलं. मी शूट करत होते. कॅमेरा खाली ठेवून धावत जायला हवं होतं ना? नाही गेले.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून मी सर्चमध्ये 'गायिका स्टेजवर' एवढंच लिहून पाहिलं. खाली ओळी आल्या. त्यात एक होती — 'गायिका दारू पिऊन स्टेजवर'.

हात आपोआप गेला असं म्हणू का? नाही, मी विचार करून लिहिलं. 'दारू पिऊन स्टेजवर कोसळली गायिका' — पुढं तिचं पूर्ण नाव, पुढं इंझोरी, पुढं जिल्हा वाशिम. तिचा रडवेला चेहरा एका जागी थांबवून त्याचं चित्र केलं. डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं. तिच्या चॅनलवर नाही टाकलं. माझं आणखी एक चॅनल होतं, जे कोणालाच ठाऊक नव्हतं, तिथं टाकलं. मनाला सांगितलं — हे बघायला आलेले लोक तिची गाणीही ऐकतील. मला ते खरं वाटत होतं का? नाही. माझं काम चालतं की नाही, ते मला बघायचं होतं. आणि एकदा तरी ती खाली पडलेली लोकांनी बघावी — हेही होतं. होतंच.

चाललं. इतकं चाललं की कुठल्या कुठल्या लोकांनी ते उचलून आपापल्या चॅनलवर टाकलं, माझ्या टायटलसकट.

शालू दुकानात आली तेव्हा तिचा चेहरा ओढलेला होता. मोबाईल माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "मंगला, मी त कधी दारू पेलीच नाही वं. कोनं टाकलं असन हे?"

"बाहेरचं असन कोनी," मी म्हटलं.

"तुले येते ना हे सारं. काढून टाक ना वं."

ती गेल्यावर मी माझा व्हिडिओ काढला. त्यानं काही झालं नाही. बाकीच्यांच्या तक्रारी केल्या. एक जायचा, दुसरा वर यायचा. तिचं नाव मी त्या शब्दांना इतकं घट्ट बांधलं होतं की ते आता मलाही सुटेना. कार्यक्रम ठरवणारे आधी मोबाईलवर नाव टाकून बघतात. बोलावणी थांबली. शालू आता लोकांच्या शेतात निंदायला जाते. घरातही गात नाही, असं तिची मुलगी सांगते.

त्या मुलीचीच सोयरीक मागच्या हिवाळ्यात जुळत आली होती. मुलगी पसंत होती. मग मुलाच्या थोरल्या भावानं तिच्या आईचं नाव सर्चमध्ये टाकलं. शालू माझ्याकडं आली. "तू चाल माह्यासंग," म्हणाली. "लहानपनापासून ओयखतं मले. तुह्यं ऐकतीन ते."

आम्ही गेलो. मी बोलले — हिनं कधी थेंबही घेतला नाही, हिचा बाप गेला होता, म्हणून ती रडली. सगळं खरं बोलले. मुलाची आई मान हलवत होती. तिला पटलं होतं, असं मला वाटलं. मग थोरल्या भावानं साधंच विचारलं, "मंग हे लिहिलं कोनं? कोनाचं काय बिघडवलं होतं यायनं?"

शालूही माझ्याकडं बघत होती. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य मला येत होतं, तिथं बसलेल्या दुसऱ्या कोणालाच येत नव्हतं.

"मले नाही माहीत," मी म्हटलं.

चहा आला. सोयरिकीबद्दल पुन्हा कोणी बोललं नाही. नकार नंतर फोनवर कळवला, पण तो तिथंच झाला होता.

परतताना जीपमध्ये आम्ही दाटीवाटीनं बसलो होतो. शालूनं माझा हात हातात घेतला. "तू होती म्हून मी तेथं बसू शकली वं," म्हणाली. कामरगाव येईपर्यंत तिनं तो सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही.