बेसमेंटमधला बेसबॉल
जुन्या पुठ्ठ्याचा वास आला की कॅनडातल्या हॅमिल्टनमधलं ते बेसमेंट आठवतं. फासे टाकून टेबलावर खेळायच्या बेसबॉलची, खेळाडूंचे आकडे छापलेली जुनी कार्डं मी जमवतो. एका कॅनेडियन आजींनी अख्खा संच विकायला काढला होता. तो घ्यायला त्यांच्या बेसमेंटमध्ये गेलो, तेव्हा नागपूरहून आलेले बाबाही सोबत होते. आई गेल्यापासून ते गप्पच असायचे. आजींनी त्यांनाच विचारलं, "वन गेम फर्स्ट?" बाबांना ना बेसबॉल कळत होता, ना आजींचं इंग्लिश. खुणांनीच खेळ सुरू झाला आणि थोड्या वेळाने बाबा चक्क ओरडले, "आउट! अहो, आउट!" दोघंही खळखळून हसली. निघताना बाबा हळूच म्हणाले, "कार्डं आज घेऊ नकोस. पुढच्या रविवारी यायला निमित्त राहील." आज माझ्याकडे शेकडो कार्डं आहेत, तो संच मात्र मी पुन्हा कधीच मागितला नाही.